बोटीच्या इंजिनाचे वंगण



सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेला पूर्वी बैलगाड्या जुंपून माणसे निघत. निघण्याआधी गाडीवान दोन गोष्टी हटकून पाही: बैलांची वैरण आणि गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा. आस कोरडा पडला की चाक कुरकुरते, आस झिजतो आणि गाडी अर्ध्या वाटेत बसते, हे त्याला कोणी शाळेत शिकवलेले नव्हते. आज मी तुम्हाला अशाच एका वंगणाविषयी सांगणार आहे. मात्र ते गाडीचे नव्हे, बोटीचे.

आता तुम्ही म्हणाल, आमचा परंडा तालुका पडला दुष्काळी, इथे बोटीची कथा कशाला? पण २०२५ चा सप्टेंबर आठवून पाहा. परंडा आणि भूम भागात अतिवृष्टी झाली, सीना नदी पात्र सोडून शिवारात शिरली आणि माणसे पाण्याने वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बोटी घेऊन आले, हेलिकॉप्टरही आले. ज्या तालुक्याने वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहिली, त्याने त्या दिवसांत बोटीची वाट पाहिली. शिवाय सीना-कोळेगावचे धरण आपल्याच तालुक्यात आहे आणि पलीकडे उजनीच्या पाण्यावर तर इंजिनाच्या होड्या चालतातच. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचे जे लहान इंजिन असते, त्याला आउटबोर्ड म्हणतात. इंजिन वर असते आणि पंखा खाली पाण्यात. वरच्या इंजिनातून एक उभा दांडा खाली उतरतो. पंख्याचा दांडा मात्र आडवा. उभ्याचे फिरणे आडव्याला द्यायचे काम तिरक्या दात्यांची चाके, म्हणजे गिअर करतात. जीपच्या मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर लोखंडी भाग दिसतो ना, त्यातही असेच गिअर असतात. बोटीचे गिअर पंख्याजवळच्या बंद पेटीत, तेलात बुडालेले असतात. ही पेटी चालताना सतत पाण्याखाली असते. आत तेल, बाहेर पाणी, आणि दोघांच्या मध्ये काय? तर दांड्याभोवतीचे एक रबरी कडे. याला ऑइल सील म्हणतात.

या कड्याचा मोठा वैरी म्हणजे नायलॉनचा धागा. जाळ्याचा किंवा गळाचा तुटका धागा पंख्यात सापडतो, दांड्याभोवती गुंडाळला जातो आणि फिरता फिरता रबर कापतो. वरून काहीच दिसत नाही. पुढे काय होते ते ऐका. इंजिन चालते तेव्हा पेटी तापते आणि आतली थोडीशी हवा फुगते. इंजिन बंद केले की पेटी गार पाण्यात निवते, हवा आकसते आणि फाटक्या कड्यातून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. असे रोज थोडे थोडे होते. पाणी मिसळले की तेलाचा चिकटपणा जातो, बेअरिंगला गंज चढतो आणि एके दिवशी गिअरचे दाते झडतात. इंजिन घुमत राहते, पण पंखा फिरत नाही. भर पाण्यात असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून दर १०० तास चालल्यावर गिअर ऑइल बदलावे. इंजिन कमी चालले तरी वर्षातून एकदा बदलावेच. नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर बदलतात. ते किती तासांनी, हे पुस्तिकेत दिलेले असते. तेल घेताना गोंधळ करू नका. पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल वेगळे, चार स्ट्रोकच्या इंजिनात घालायचे तेल वेगळे आणि गिअरचे तेल वेगळे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. बोटीच्या गिअरसाठी मिळणारे, पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचेच तेल आणा. लहान इंजिनाला ते पाव लिटरच्या आतबाहेर लागते.

आता कृती ऐका. इंजिन रात्रभर उभे ठेवा, म्हणजे आत पाणी असेल तर ते तळाशी बसेल. सकाळी आधी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा, म्हणजे पंख्याला हात लागला तरी इंजिन चुकून सुरू होणार नाही. पेटीला दोन बुचे असतात, एक खाली आणि एक वर. दुसरा एखादा स्क्रू जवळपास दिसेल, त्याला हात लावू नका. खाली पसरट भांडे ठेवा आणि आधी खालचे बूच काढा. पहिले थेंब नीट पाहा. मग वरचे बूच काढा. हवा आत जाऊन तेल भराभर उतरेल.

हे तेल लगेच फेकू नका, ते वाचा. तेल नुसते काळपट असेल तर चिंता नाही. खालच्या बुचाला लोहचुंबक असेल आणि त्यावर काजळीसारखा बारीक कीस असेल, तर तीही नेहमीची झीज. पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर दाते तुटू लागले आहेत. आणि तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले, किंवा आधी पाणीच ठिबकले, तर आत पाणी शिरते आहे. अशा वेळी नुसते नवे तेल घालून भागणार नाही. पंखा काढून मागे धागा गुंडाळला आहे का ते पाहा आणि जाणत्या मिस्त्रीकडून सील बदलून घ्या.

नवे तेल नेहमी खालच्या भोकातून, नळीने भरावे. वरून ओतले तर आत हवा कोंडते आणि पेटी भरल्यासारखी वाटते, पण भरलेली नसते. खालून भरताना वरच्या भोकातून बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून नुसते तेल आले की आधी वरचे बूच लावा, मग नळी काढून चटकन खालचे लावा. दोन्ही बुचांचे वायसर दर वेळी नवे घाला. जुन्या दबलेल्या वायसरातूनही पाणी शिरते. बूच घट्ट बसवा, पण जोर काढू नका. ॲल्युमिनियमचे आटे लवकर मरतात. तासाभराने वरचे बूच उघडून तेल भोकाच्या काठापर्यंत आहे ना, हे एकदा पाहा.

गुरुजी, यातले दोन प्रयोग वर्गात करता येतील. बाटलीत थोडे तेल आणि पाणी घालून जोराने हलवा. मिश्रण दुधाळ होते. वरचे बूच आधी का लावायचे, हे दाखवायला पाण्यात नळी बुडवा, वरच्या टोकावर बोट दाबा आणि नळी उचला. पाणी आतच राहते. बोट काढले की सांडते. तेलाचेही तसेच आहे.

एक गोष्ट विसरू नका. काढलेले तेल धरणात किंवा ओढ्यात ओतू नका. तेच पाणी माणसे आणि गुरे पितात. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

शेवटी, ज्यांच्या ताब्यात पुरासाठी ठेवलेली बोट आहे त्यांना विनंती. अशी बोट वर्षभर झाकून असते आणि काम पडते ते एका रात्री. तेलात पाणी राहिले तर ते वापर नसतानाही बेअरिंग गंजवीत असते. म्हणून काम संपल्यावर, बोट ठेवून देण्याआधी तेल बदला. मृगापूर्वी एकदा वरचे बूच उघडून पाहा. तेल बदलल्याची तारीख इंजिनावर रंगाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला विचारत बसावे लागणार नाही.