वॉरंटी नाकारली? हे आधी करा

क्लेम नाकारलेली एक गाडी काल गोखिवऱ्यात माझ्या गॅरेजला आली. ४०,००० किलोमीटरच झालेले, तरी इंजिनात ठकठक. चेंबर खोलला, तर क्रँकच्या बेरिंगचा रुपेरी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. जीव हळहळला.

बेरिंग आणि क्रँकमध्ये ऑईलचा केसाहून पातळ पडदा असतो. ऑईल कमी पडलं किंवा खराब झालं की धातूवर धातू घासतो.

वसई फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालूच असतं. म्हणून किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा ऑईल बदला.

क्लेमसाठी लक्षात ठेवा:

👉 सर्व्हिसचं प्रत्येक बिल जपा. त्यावर ऑईलचा ग्रेड आणि किलोमीटर हवेतच.

👉 नकार लेखी घ्या, कारणासकट.

👉 झिजलेले पार्ट टाकू नका. फोटो काढा.

👉 १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. २०१९च्या कायद्यानुसार आयोग सदोष वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो.

तुमच्या गाडीचाही असा आवाज येतोय? कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं नक्की सांगेन. 🙏