कुंडीतले लिंबू पुन्हा फुलते केव्हा?

खेडच्या आमच्या घरी पडवीलगत कागदी लिंबाचे एक कलम मोठ्या कुंडीत वाढवलेले आहे. एका पावसाळ्यात त्याची जवळजवळ सगळी पाने अळ्यांनी फस्त केली. अळ्या वेचून टाकल्या, निंबोळीचा अर्क फवारला, कीड गेली. पुढे फुले यावीत म्हणून मी त्याच सप्टेंबरात पाणी तोडून झाडाला ताण दिला. फुले आली नाहीतच. उलट फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. वनस्पतिशास्त्राशी रोजचा संबंध असूनही ही चूक माझ्या हातून घडली, म्हणून तिचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

ताण देऊन बहार धरण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार ही नावे शेतकऱ्यांच्या मुलांना पाठ असतात. पाणी तोडले की झाडाची वाढ थांबते आणि काही डोळे पालवीऐवजी फुलांकडे वळतात. फ्लोरिडातील साउथविक आणि डॅव्हनपोर्ट यांनी १९८६ साली कुंडीत वाढवलेल्या ताहिती लिंबांवर प्रयोग करून दाखवले, की सुमारे दोन आठवड्यांचा ताणही फुले आणण्यास पुरतो. थंडीनेही हेच घडते. पण कोकणात पुरेशी थंडी कोठून आणणार?

मात्र ताण हा फक्त इशारा आहे. फुलायला लागणारे अन्न तो देत नाही. लिंबू हे सदाहरित झाड. त्याची पाने स्वयंपाकघर तर असतातच, शिवाय कोठारही असतात. साठवलेल्या नत्राचा आणि कर्बोदकांचा मोठा वाटा जुन्या पानांत असतो. अळीने पान खाल्ले म्हणजे कोठारच लुटले. अशा झाडाला उपाशी ठेवून वर तहानलेले ठेवले, तर ते फुलणार कशाच्या बळावर?

म्हणून कीड गेल्यावर पहिले काम फुलांचे नव्हे, पानांचे. निदान दोन वेळा पालवी येऊन ती जून, गडद हिरवी होईपर्यंत थांबावे. शेणखत किंवा गांडूळखत थोडे थोडे द्यावे. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की पालवीमागून पालवी येते, आणि कोवळी पालवी म्हणजे किडींना आमंत्रणच. नागअळीने पानावर चंदेरी नागमोडी रेघा काढल्या, तरी ते पान खुडू नये. उरलेला हिरवा भाग अन्न तयार करतच असतो.

पुढच्या वर्षी झाड पानांनी भरल्यावरच मी पुन्हा ताण दिला. येथे कुंडीचा खरा फायदा कळतो. खेडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; सप्टेंबरात अंगणातल्या झाडाला ताण देणे अशक्यच. हस्त बहार फसतो तो याचमुळे. कुंडी मात्र पागोळ्यांपासून दूर, पण उजेड मिळेल अशी पडवीत सरकवता येते. दुपारी पाने मलूल झाली तर हरकत नाही. सकाळीही तशीच दिसली तर तांब्याभर पाणी द्यावे. काही पाने पिवळी पडून गळतात, त्याने घाबरू नये. दोन-तीन आठवड्यांनी वरची माती हलकेच उकरून खत मिसळावे आणि पाणी एकदम न देता तीन-चार दिवसांत वाढवत न्यावे. ऑक्टोबरात कळ्या दिसल्या.

फुले असताना कोणतीही फवारणी करू नये, मधमाश्या येत असतात. नुसत्या फुलांच्या झुबक्यांपेक्षा पानांसह आलेली फुले अधिक टिकतात, हेही विद्यार्थ्यांना मोजून पाहता येईल.

आणि त्या अळ्या? त्या पॅपिलिओ डेमोलिअस या फुलपाखराच्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढतात. कुंडीतल्या अळ्या मारण्याऐवजी आता आम्ही त्या परसातल्या बेलाच्या झाडावर नेऊन सोडतो. त्यांना तोही पाला चालतो, आणि एवढ्या मोठ्या झाडाला चार अळ्यांचे काही वाटत नाही.