चेन ताणत नाही, झिजते
दुचाकीची देखभाल : भाग 9

मागच्या आठवड्यात आपण एअर फिल्टरमधली धूळ बघितली. इंजिनाला धुळीपासून वाचवायला निदान एक फिल्टर असतो. चेनला तेवढाही आडोसा नाही. रस्त्यावर जे असेल ते ती अंगावर घेते, आणि आपल्या जालना जिल्ह्यात रस्त्यावर काय असतं ते सांगायला नको. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरेनासं होतं. पाऊस उघडला की तीच माती वाळून पिठासारखी उडते. त्यातून पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, दुपारी कडब्याचा भारा, मोसंबीच्या हंगामात क्रेट आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाताना तिघं जण. शंभर सीसीची गाडी एवढं ओढते ते चेनच्या जिवावर.

म्हणून आज फक्त चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, म्हणजे पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट.

गॅरेजमध्ये आपण नेहमी ऐकतो, “चेन ताणली.” हा शब्द डोक्यातून काढून टाका. चेनच्या पट्ट्या रबराच्या नाहीत, त्या लांबत नाहीत. जुन्या चेनची एक कडी हातात घेऊन बघा. बाहेर दोन पट्ट्या, आत दोन पट्ट्या, त्यांतून गेलेली एक पिन, पिनेवर बुश आणि बुशावर मोकळा फिरणारा रोलर. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये 1880 साली याच रचनेचं पेटंट घेतलं आणि आजही चेन मुळात तशीच आहे. झीज होते ती पिन आणि बुश यांच्या मध्ये, जिथे आपली नजर पोचत नाही. तिथे बारीक माती आणि तेल मिसळलं की त्याची कानस होते. एका सांध्यात मिलीमीटरचा दहावा भाग झिजला तर काय मोठंसं, असं वाटतं. पण चेनला 110 कड्या असतील तर तेवढ्याने ती 11 मिलीमीटर लांब होते, म्हणजे जवळजवळ एका कडीएवढी.

ही झीज मोजता येते, आणि त्यासाठी मिस्त्री लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक 100 ते 150 सीसी गाड्यांना 428 नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलीमीटर. चेन ओढून सरळ धरा, एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत टेप लावा. नवी चेन 254 मिलीमीटर भरते. 259 च्या आसपास आकडा आला की दोन टक्के झीज झाली, आता तिच्यावर विश्वास ठेवू नका. ज्या गाड्यांना चेनचं पूर्ण बंद कव्हर आहे, त्यांचं कव्हर मात्र खोलावं लागेल. हे कव्हर चांगलं, पण त्याने चेन नजरेआड होते आणि आत गेलेला चिखल तिथेच वाळतो. टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तरी समजा, वेळ झाली.

आता नवी घ्यायची तर काय मागायचं? चेनच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो, तो वाचा. सळईच्या जालन्यात सूत म्हणजे काय हे कुणाला समजवायची गरज नाही: इंचाचा आठवा भाग. 428 मधला पहिला 4 म्हणजे दोन पिनांमधलं अंतर चार सूत. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे: 420 मध्ये ती दोन सूत, 428 मध्ये अडीच सूत. मोठ्या गाड्यांच्या 520 चेनला अंतर पाच सूत. नंबरापुढे एच असेल तर पट्ट्या जाड, आणि शेवटी कड्यांची संख्या. हे तिन्ही जुळले पाहिजेत. 428 च्या स्प्रॉकेटवर 420 ची चेन पिन-अंतर सारखं असूनही बसत नाही, कारण दात जाड पडतो.

बनावट माल हा खरा धोका आहे. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई होते, तेव्हा पोलादाची पारख आपल्याला नवी नाही. सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. चेनच्या पिनेचं गणित वेगळं आहे. तिचं कातडं काचेसारखं कठीण हवं आणि गाभा चिवट हवा. हे उष्णतेच्या प्रक्रियेने साधतं, आणि बनावट चेनमध्ये नेमकी तीच प्रक्रिया वाचवलेली असते. वरून दोन्ही सारख्याच चकाकतात. म्हणून गाडीच्या कंपनीचा सेट घ्या, नाहीतर कोइमतूरची रोलॉन किंवा चेन्नईची डायमंड यांसारखी नावाजलेली चेन घ्या. पट्टीवरचा ठसा पाहा आणि पक्कं बिल मागा.

आणि सेटच घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. एकदा मी पैसे वाचवायला नुसती चेन बदलली होती. जुन्या स्प्रॉकेटचे दात विळ्यासारखे एका बाजूला वाकले होते, तरी “चालतील अजून” असं ऐकून तसंच निघालो. झिजलेल्या चेनबरोबर झिजलेल्या दातांमधल्या खाचा नव्या चेनच्या अंतराशी जुळत नाहीत. सगळा भार दोन-चार दातांवर येतो आणि नवी चेन काही महिन्यांतच जुनी होते. माझी तशीच झाली, आणि शेवटी दुसऱ्यांदा चेन घेऊन दोन्ही स्प्रॉकेटंही घ्यावी लागली. ढिल्या चेनची एक कडी काढून ती आखूड करण्याचा प्रकारही असाच. लांबी कमी होते, झीज तशीच राहते.

ओढ वाढावी म्हणून काही जण पुढचा एक दात कमी करतात. 14 चा 13 केला तर ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते, मागे 42 चे 45 केल्यावर जेवढी वाढेल जवळपास तेवढीच. पण इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं, पेट्रोल जास्त जातं आणि लहान चाकावर चेन जास्त वळते म्हणून लवकर झिजते. दुधाच्या फेऱ्यांना माझं मत मूळ दातांच्या बाजूने आहे.

चेन लॉकची पट्टी बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, उलटं बसलं तर पट्टी उडते. चेन किती ढिली ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, बहुतेक अशा गाड्यांना खालच्या बाजूला मध्यावर 20 ते 30 मिलीमीटर. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा आणि सगळ्यात घट्ट जागेवर माप धरा. कॅनवाल्यांची चूक इथेच होते. रिकाम्या गाडीवर चेन तारेसारखी कसतात. कॅन भरून निघालं की मागचा भाग दबतो आणि पुढचं स्प्रॉकेट, मागच्या फोर्कचा खिळा, मागचा एक्सल एका रेषेत येऊ लागतात. तेव्हा चेन आणखी ताणाखाली येते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग ओरडू लागतं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, आणि चाक मागे सरकवलं की मागच्या ब्रेकची रॉडही पुन्हा लावून घ्या.

तेलाचं म्हणाल तर इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला घालू नका, त्यात धातूचा कीस असतो. ग्रीस थापू नका, ते मातीच धरतं. साधारण 500 किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर दरवेळी, रॉकेलने साधी चेन धुऊन पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्यावर आतल्या बाजूने थेंब थेंब सोडा. थोड्या वेळाने वरचं जादा तेल फडक्याने पूर्ण पुसा. मोठ्या गाडीच्या ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल, तारेचा ब्रश आणि वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा लावू नका, कारण रबरी रिंगा गेल्या की आतलं ग्रीस जातं.

हे सगळं करताना गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरत्या चेनला फडकं लावलं, की फडक्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं. घाई असेल तर चेन तशीच मळकी राहू द्या, पण घरातल्या पोराला इंजिन सुरू करून ती पुसायला सांगू नका.