परिपथाकृतीची लिपी आणि कॅड प्रणालीची निवड

विद्युत्-परिपथाची आकृती हे चित्र नव्हे. ते एक प्रकारचे लेखन होय. कागदावर शेजारी काढलेले दोन घटक प्रत्यक्षात दहा फुटांच्या अंतरावर असू शकतात. कोणता घटक कोणाशी जोडलेला आहे, एवढेच ती सांगते. म्हणून अशा आकृतींसाठी संगणकीय रेखनप्रणाली, म्हणजेच कॅड, निवडताना किंमत व बाह्य रूप यांच्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : काढलेली रेघ प्रणालीला तार म्हणून कळते काय?

सामान्य रेखनप्रणालीत रेघ ही केवळ दोन बिंदूंमधील रेघ असते. चिन्ह सरकविले की ती जागीच राहते आणि जोड तुटल्याची वार्ता कोणासही लागत नाही. विद्युत्-आकृतींसाठी घडविलेल्या प्रणालीत मात्र रेघेला अर्थ असतो. दोन रेघा नुसत्या एकमेकींस छेदून गेल्या तर जोड नाही. छेदावर टिंब दिले तर जोड झाला. अनुस्वाराच्या टिंबाने अर्थ पालटावा, तसाच हा प्रकार. अशी प्रणाली सर्व जोडांची यादी स्वतः तयार करते आणि एखादे टोक मोकळे राहिले असता हटकते. अर्थात ही तपासणी व्याकरणाची असते, सत्याची नव्हे. रोधाचे मूल्य चुकीचे लिहिले तर ती मुकाट्याने मान्य करते.

या लिपीला बोलीही आहेत. अमेरिकन परंपरेत रोध नागमोडी रेघेने दाखवितात, तर आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आयताने. चिन्हसंग्रहात दोन्ही असले तरी एकाच आकृतीत त्यांची सरमिसळ करू नये.

यापुढे कामाचे स्वरूप पाहावे. फ्रान्समध्ये झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली आरंभिलेली कायकॅड ही मुक्त प्रणाली मुद्रित परिपथफलकांसाठी उत्तम आहे. परंतु मोटारीच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये एका कॉन्टॅक्टरची कॉइल एका पृष्ठावर, तर त्याचे संपर्क अन्य पृष्ठांवर असतात. सर्वनामाचे नाम शोधावे तसा हा पृष्ठसंदर्भ तारतंत्र्याला शोधावा लागतो, आणि तो चुकला तर भलतीच तार उघडली जाते. हे संदर्भ राखण्यासाठी क्यूइलेक्ट्रोटेक ही मुक्त, किंवा ईप्लॅनसारखी सशुल्क प्रणाली अधिक सोयीची. कायकॅडमध्ये तेच काम जिकिरीचे होते.

फायलीच्या आयुष्याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. १९८८ साली जर्मनीत निघालेली ईगल ही प्रणाली ऑटोडेस्कने २०१६ मध्ये घेतली आणि २०२३ मध्ये तिची अखेर ७ जून २०२६ रोजी होईल असे जाहीर केले. सहाव्या आवृत्तीपासून तिच्या फायली एक्सएमएल स्वरूपात असल्याने कायकॅडला त्या वाचता येतात. त्याआधीच्या फायली मात्र, मूळ प्रणाली चालते आहे तोवरच नव्या स्वरूपात उतरवून घेतलेल्या बऱ्या. मोडी दप्तरे शाबूत असून वाचणारे विरळ झाले, याचा अनुभव महाराष्ट्राला आहेच. कायकॅड व क्यूइलेक्ट्रोटेक यांच्या फायली साध्या अक्षरमजकुराच्या असतात, ही त्यांची मोठीच जमेची बाजू.

अंतिम निवडीपूर्वी मोटार स्टार्टरची एक लहानशी आकृती दोन पृष्ठांवर काढून पाहावी, कॉन्टॅक्टरचे नाव बदलावे, आणि ते दुसऱ्या पृष्ठावर व यादीत आपोआप बदलले की नाही हे हातातल्या कागदाशी ताडून पाहावे.