इंजिन उघडलेच आहे, तर टायमिंग चेनही पाहून घ्या

कापडाचे गठ्ठे बांधून आठवडे बाजार करणारा फेरीवाला असो की माल पोहोचवणारा कारागीर, आपल्यापैकी पुष्कळांचा धंदा शंभर सीसीच्या मोटारसायकलवर चालतो. १९९४ साली आलेली स्प्लेंडर ही त्यातली सर्वांच्या ओळखीची गाडी. ती धूर देऊ लागली, ओढ कमी झाली की मिस्त्री ‘हाफ इंजिन’ करायला सांगतो. म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्हचे काम. या कामात टायमिंग चेन मात्र पुष्कळदा जुनीच परत बसवली जाते. तेवढे पैसे वाचल्याचे समाधान मिळते, पण ही बचत पुढे महाग पडते.

पॉवरलूम चालवणाऱ्यांना चेनचे काम समजावणे सोपे आहे. साध्या लूममध्ये क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा शाफ्ट एक फेरा घेतो. दोघांचा मेळ बिघडला की धोटा मधेच अडकतो आणि ताण्याच्या तारा तुटतात. इंजिनातही हाच हिशेब आहे. क्रँकचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन त्याच वेळी खालीवर होत असतो. लूममध्ये हा मेळ गिअर राखतात, या गाडीत तो चेन राखते. क्रँक मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर कॅम २५०० घेतो.

‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश घासतात. समजा, एका सांध्यात मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग झिजला. असे ८० सांधे धरले तर चेन ०.८ मिलिमीटरने लांबते. मग व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, ॲव्हरेज घटते, ओढ कमी होते. चेन फारच सैल झाली तर दात सोडते. तेव्हा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो आणि नुकतेच केलेले सारे काम वाया जाते.

सैल चेनचा आवाज इंजिनच्या डाव्या बाजूने खळखळ असा येतो. टॅपेटची टिकटिक हेडमधून येते. दोन्हींत गल्लत करू नये. आवाज आला की आधी ऑइलची पातळी पाहावी, कारण चेनला आणि तिचा ताण राखणाऱ्या टेन्शनरलाही ऑइलच लागते.

इंजिन उघडल्यावर मिस्त्रीजवळ उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात.

१) जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी एकाच खिळ्याला लटकवा. कड्या सारख्याच असून जुनी खाली उतरत असेल तर ती बाद.

२) चेन आडवी धरा. बाजूला कमानीसारखी झुकली तर सांधे झिजलेले आहेत.

३) वरच्या आणि क्रँकवरच्या दोन्ही स्प्रॉकेटचे दात पाहा. आकड्यासारखे वळले असतील तर त्यांवर नवी चेन चढवू नका. झिजलेले दात नवी चेनही लवकर खातात.

४) रबरी रोलर कडक झाले, तडकले किंवा त्यांत खाच पडली असेल तर तेही बदला. रबराचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, म्हणून जाळीही धुऊन घ्या.

चेन बदलण्यासाठी डाव्या बाजूचे मॅग्नेट काढावे लागते. हाफ इंजिनमध्ये हेड आणि सिलिंडर उतरलेलेच असतात, त्यामुळे वाढीव मजुरी थोडीच लागते. तेच काम पुढे वेगळे काढले तर पुन्हा पॅकिंग, पुन्हा मजुरी आणि धंद्याचा खाडा.

बसवताना मॅग्नेटवरचे ‘टी’ निशाण केसवरच्या खुणेसमोर आणि वरच्या स्प्रॉकेटचे निशाण हेडवरच्या खुणेसमोर आले पाहिजे. त्या वेळी पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. नंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून निशाणे पुन्हा जुळतात का ते पाहावे. मधे कुठे अटकाव आला तर तिथेच थांबावे. किक मारून जोर करू नये.

शेवटी व्यापाऱ्याच्या नजरेतली गोष्ट. चेन सुटी न घेता पूर्ण किट घ्या, पक्के बिल मागा, पाकिटावरचा पार्ट नंबर आपल्या मॉडेलशी ताडून पाहा. बदललेला जुना माल परत हातात घ्या, म्हणजे काय बदलले ते दिसते. गिऱ्हाईक ठाणाचा पन्हा मोजून पैसे देते. आपणही इंजिनचे बिल असेच डोळ्यांनी पाहून चुकते करावे.