खाण्यास कुरकुर करणारी मुले आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

सहावी ते आठवीच्या वर्गांतील मुलामुलींचे पालक शिक्षकांना एक प्रश्न वारंवार विचारतात. "गुरुजी, पोरगी भाजीला शिवत नाही, डाळ नको म्हणते, भाकरी चहात बुडवून उठते. तिला ताकदीची कोणती बाटली आणू?" असोदा व भोवतालच्या गावांतून शाळा तपासणीच्या निमित्ताने फिरताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचे सविस्तर उत्तर शिक्षकबंधू-भगिनींच्या हाती असणे इष्ट वाटते. पालक डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी शिक्षकाकडे येतो. शिक्षकाने सहज एखादे नाव सुचविले, तर मजुरीचे चार दिवसांचे पैसे त्या बाटलीत जातात, आणि मुलीला ज्याची उणीव आहे ते तीत असेलच असे नाही.

प्रथम वयाचा विचार करावा. बारा ते पंधरा या वर्षांत शरीराची वाढ झपाट्याने होते व रक्ताचे प्रमाणही वाढते. मुलींना मासिक पाळी सुरू होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस रोज 30 मिलिग्रॅम व मुलास 22 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. नेमक्या याच वयात मुले खाण्यात चोखंदळ होतात. परिणाम आकड्यांत दिसतो: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी 59 टक्के व मुलांपैकी 31 टक्के रक्तक्षयी आढळले. वर्गात हा रक्तक्षय आळसाच्या वेषात वावरतो. प्रार्थनेच्या वेळी भोवळ येणारी, खेळाच्या तासाला कडेला बसणारी, गणितात मागे पडू लागलेली मुलगी आपण 'लक्ष देत नाही' म्हणून हिणवतो. तिची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग फिकट दिसतो.

सर्व फिकटपणा मात्र एकाच कारणाचा नसतो. या बाबतीत आपल्या मुंबईत घडलेली हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे. 1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक तीव्र रक्तक्षय आढळत होता, त्याचा शोध घेणे हे त्यांचे काम. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या व फळे जवळजवळ नव्हती, त्या स्त्रियांत तो अधिक होता. निरनिराळे प्रयोग केल्यावर विल्सबाईंना असे आढळले, की यीस्टपासून केलेला एक स्वस्त अर्क दिला असता रक्त सुधारते. हा निष्कर्ष त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केला. अर्कातील ते द्रव्य कोणते, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. पुढे 1941 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून ते वेगळे केले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास 'फोलिक आम्ल' असे नाव दिले. शाळेत आपण वाटतो त्या निळ्या गोळीत लोहासोबत हेच द्रव्य असते.

यातून निघणारा मुद्दा असा, की कोणते द्रव्य कमी आहे हे कळल्यावाचून गोळी निवडता येत नाही. लोह कमी असेल, तर नुसत्या 'ब' जीवनसत्त्वाच्या बाटलीने रक्त वाढणार नाही. ब-12 या जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी निराळी आहे. ते वनस्पतीत नसते. दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच ते मिळते. आपल्याकडील अनेक घरे शाकाहारी आहेत आणि दूध डेअरीला जाऊन घरात चहापुरते उरते. अशा घरातील मुलाने दही-ताकही नाकारले, तर ब-12 कोठून यावे? 2016 ते 2018 या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत देशातील किशोरवयीन मुलांपैकी 31 टक्के मुलांत त्याची उणीव आढळली. ही उणीव असताना केवळ फोलिक आम्लच मोठ्या मात्रेत देत राहिले, तर रक्त सुधारल्याचा भास होतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात असे मूल सांगत असेल, तर ही शंका मनात धरून त्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे.

आता आपल्या जेवणाकडे वळू. बहिणाबाईंच्या माहेरचे हे असोदा भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जळगावच्या केळ्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अभिमान असावा, परंतु वांगे काय किंवा केळे काय, दोहोंतही लोह अल्पच. केळ्याने पोट भरते व शक्ती येते, रक्त मात्र त्याने वाढत नाही, हे केळीच्या बागाईतदाराच्या मुलालाही सांगावे लागते! भरिताचे मोल त्याच्या सोबत्यांत आहे: कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची, शेंगदाणे, आणि ज्वारी व अख्खे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी. नुसती पालेभाजी पाहून नाक मुरडणारे मूल हीच पात भरितात निमूटपणे खाते. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते. पण धान्यातील लोहाचा थोडाच अंश अंगी लागतो. जेवताना लिंबू पिळले, पेरूची फोड किंवा आवळा खाल्ला, तर तो अंश वाढतो. जेवणाबरोबर अथवा लगेच नंतर चहा घेतला, तर घटतो. ज्या घरी 'काहीच खात नाही' अशी तक्रार आहे, तेथे प्रथम चहाची वेळ विचारावी. बहुधा सकाळी उपाशीपोटी चहा-टोस्ट आणि दुपारी दुकानातले पाकीट, असा क्रम निघतो, आणि मग भाकरीला भूक उरत नाही.

कुरकुरीमागे आजारही असू शकतो. किडलेला दात, तोंड येणे, जंत, यांमुळे मूल अन्न टाळते. पाटीवरची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ चोरून खाणारी मुलगी खोडकर आहे असे समजू नये. ते बहुधा लोहाच्या उणिवेचे लक्षण असते. अशा मुलांची नावे शालेय आरोग्य तपासणीच्या पथकास आवर्जून द्यावीत. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय, आणि 8 पेक्षा कमी असेल तर तो तीव्र समजतात.

शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा द्यावयाची असते. त्याहून लहान मुलांची गोळी गुलाबी. दोन्ही मोफत आहेत, आणि माझ्या मते विकत घेतलेल्या बहुतेक बाटल्यांपेक्षा उपयुक्त आहेत. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, तीही चुकवू नये. मुले निळी गोळी खिडकीबाहेर टाकतात, याचे कारण उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. म्हणून ती शालेय पोषण आहार घेतल्यानंतर, शिक्षकांच्या समक्ष घ्यावी. शौचास काळे होते हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पालक घाबरून गोळी बंद करतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतील शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: तेथील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. असा आजार असलेल्या मुलास लोहाची गोळी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याखेरीज देऊ नये.

इतके करूनही पालकास काही विकत घ्यावयाचेच असेल, तर वेष्टनावरील चित्राकडे न पाहता पाठीमागचा बारीक मजकूर वाचावयास शिकवावे. रोजच्या मात्रेत कोणते द्रव्य किती आहे आणि ते दैनंदिन गरजेच्या किती टक्के आहे, हे तेथे लिहिलेले असते. गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास असलेले पुरेसे. पाचशे टक्के म्हणजे पाचपट ताकद नव्हे. विशेषतः 'अ' व 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात आणि अति झाली तर विषासमान होतात. 'ड' जीवनसत्त्वाची 60,000 एककांची पुडी आठवड्यातून एकदा घेण्यासाठी लिहून दिलेली असता ती रोज पाजली जाते, हा धोका खरा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक व मुदतीची तारीख पाहावी. दोन निरनिराळ्या बाटल्या एकाच वेळी सुरू असतील, तर तीच द्रव्ये दुप्पट तर जात नाहीत ना, हे ताडून पाहावे. दुधात घालावयाच्या चवदार भुकटीत साखर किती, हेही वाचावे. 'आरोग्य पेय' अशी कोणतीही व्याख्या अन्नसुरक्षा कायद्यात नसल्याने अशी पेये त्या सदराखाली विकू नयेत, असे केंद्र शासनाने ऑनलाइन विक्रेत्यांना 2024 मध्ये कळविले होते.

लोहाच्या गोळ्या घरात असतील, तर त्या धाकट्या भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवण्यास सांगावे. लहान मुलाने गोड समजून मूठभर खाल्ल्यास जिवावर बेतते. तसे घडल्यास मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे व गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.