कराच्या कामासाठी सीएच हवं का?

बी.कॉम. झालं, हिशेबाची आवड आहे, पण सीएच्या परीक्षेची धास्ती वाटते, अशांसाठी जीएसटी प्रॅक्टिशनर हा कायदेशीर मार्ग आहे. वाणिज्य पदवीधराने जीएसटी पोर्टलवर पीसीटी-०१ अर्ज भरायचा आणि नोंदणीनंतर दोन वर्षांत ‘नासिन’ची परीक्षा द्यायची. प्रश्न १००, गुण २००, उत्तीर्ण होण्यासाठी निम्मे पुरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग दुकानदारांची रिटर्न भरणं, परताव्याचे अर्ज करणं ही कामं अधिकृतपणे करता येतात.

मर्यादा मात्र ठळक आहे. प्राप्तिकर कायद्याखालचं टॅक्स ऑडिट फक्त सीएच करू शकतो. एरवी एक कोटीवर उलाढाल गेलेल्या धंद्याला ते लागतं. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील, तर ही मर्यादा दहा कोटींची. म्हणजे तुमचा ग्राहक मोठा झाला की ऑडिटच्या सहीसाठी दुसऱ्याचं दार ठोठवायचं. सीएला इंटरमिजिएट आणि फायनलचे सहा-सहा पेपर, शिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप.

घरची कमाई लगेच हवी असेल तर आधी प्रॅक्टिशनर व्हा. ऑडिटची सही स्वतःची हवी असेल, तर सीएला पर्याय नाही.